सव्वा फेरा

संध्याकाळी गॅसच्या नव्या लाइनीत दहा किलो दाब भरून ठेवून गेलो होतो, तो प्रेशर गेजचा काटा सकाळी सव्वाआठाच्या जरा खालीच होता. मी गेजच्या काचेवर टिचकी मारून बघितली. वाटलं, काटा अडकला असेल, उडी मारून वर जाईल. तो आणखी केसभर खाली आला.

काका, म्हणजे साइटवरचे आमचे जुने फिटर, शेजारी उभे होते. हेल्मेट काखेत, मानेला टॉवेल.

"किती जोड?"

"६४."

"हात कुणाचा?"

"माझाच, काका."

"मग शोध आता."

एवढं बोलून ते चहाला गेले. मला आठवतंय, त्या क्षणी मला राग स्वतःचा नाही, गेजचा आला होता.

मी हर्णैचा. बाबा बोटीवर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बोट वर ओढली की इंजिन खोलायचं काम निघतं, आणि सातवी-आठवीपासून बाबांच्या हाताखाली मीच असायचो. त्यामुळे पाना धरायला मला आयटीआयने शिकवलं नाही. डिझेलची नळी पाझरते? आवळ. अजून पाझरते? पान्याच्या दांडीत हातभर पाइप घाल आणि आवळ. आमच्याकडे चांगल्या मिस्त्रीची खूणच ही, की त्याने आवळलेलं दुसऱ्याला सुटत नाही. पुढे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला, लोट्याच्या एमआयडीसीत दोन वर्षं हेल्परकी केली, पण तिथे माझ्या हाती बहुतेक केबल आणि ग्लँडच आले. ट्यूबिंगचं पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते खाडीकाठच्या एका प्लांटवर, मे महिन्याच्या शटडाऊनमध्ये. सकाळी अंधारात बाइक काढायची, दाभोळला फेरीबोट धरायची, धोपाव्याला उतरून पुढे जायचं, आणि संध्याकाळी तसंच परत. प्लांटचं नाव सांगत नाही, कंत्राटदाराचंही नाही. चुका बहुतेक माझ्याच होत्या.

काम तसं सरळ होतं. नायट्रोजनच्या हेडरपासून, म्हणजे मुख्य नळीपासून, आणि इन्स्ट्रुमेंट एअरच्या, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या हवेच्या, लाइनपासून कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत नव्या ट्यूब टाकायच्या. अर्धा इंची आणि पाव इंची, काही ठिकाणी गेजसाठी एक सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची. सगळी ३१६ स्टेनलेसची ट्यूब, आणि जोड दोन फेरूलवाले. अशा जोडांना साइटवर सगळे सरसकट 'स्वेजलॉक'च म्हणतात, डबा कोणत्याही कंपनीचा असो. १९४७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव आता आमच्याकडे वस्तूचंच नाव होऊन बसलं आहे.

या जोडात वेल्डिंग नाही, ट्यूबला आटेही पाडायचे नाहीत. एक बॉडी, एक नट आणि मध्ये दोन बारीक कड्या: पुढचं फेरूल आणि मागचं फेरूल. नट फिरवला की तो मागच्या फेरूलला रेटतो, मागचं पुढच्याला रेटतं, आणि पुढचं बॉडीच्या उतरत्या तोंडात पाचरीसारखं घुसून ट्यूबला चिकटतं. गॅस अडवायचं काम मुख्यतः पुढच्याचं, ट्यूब धरून ठेवायचं मागच्याचं. हे मला तोंडपाठ होतं. आयटीआयच्या तोंडी परीक्षेत याच उत्तराला मार्क मिळाले होते.

आता त्या सकाळकडे येतो. मी साबणाचं पाणी घेऊन निघालो तेवढ्यात प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागाच्या मॅडम आल्या. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला कधी सुचलाच नसता.

"काल संध्याकाळी लाइन किती गरम होती?"

मी लिहून ठेवलं नव्हतं. काकांनी ठेवलं होतं, कामाच्या परवान्याच्या, परमिटच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर: ३५ अंश. सकाळी मॅडमच्या हातातल्या थर्मामीटरने २६ दाखवलं. बंद नळीतला गॅस थंड झाला की दाब उतरतो, हे शाळेतलंच. पण हिशेब करताना गेजच्या आकड्यात हवेचा एक किलो मिळवावा लागतो आणि अंशांत २७३. म्हणजे ११ ला २९९ ने गुणून ३०८ ने भागायचं, येतात १०.७, त्यातून एक वजा, ९.७. रात्रीच्या गारव्याने काटा ९.७ पर्यंत येणं हा माझा दोष नव्हता. तिथून ८.२ पर्यंतचा दीड किलो मात्र शंभर टक्के माझा.

"हेल्परला ते पाणी ओतून द्यायला सांगा," मॅडम माझ्या बादलीकडे बघत म्हणाल्या. कपडे धुण्याची पावडर कालवली होती आम्ही. तिच्यात क्लोराइड असू शकतं आणि स्टेनलेसला क्लोराइडचं वावडं. स्टोअरमध्ये लीक शोधायचं वेगळं द्रावण असतं, क्लोराइड नसलेलं, ते आणलं. अगोदरच इथला वारा मिठाचा, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची.

पहिला बुडबुडा दहा मिनिटांत सापडला. अर्धा इंची एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, कंबरेच्या उंचीवर, दिसायला ठीकठाक. मी सवयीने पाना लावला आणि जोर देणार तेवढ्यात मनगटावर काकांचा हात पडला.

"लाइनीत गॅस हाय ना? मग पाना खाली ठेव."

भरलेल्या लाइनीवर नट आवळायचा नाही आणि सैलही करायचा नाही, गॅस सोडायला म्हणून तर नाहीच. आधी व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडायची तोटी, उघड, काटा शून्यावर आण, मग हात लाव. मला ते जास्तीचं कौतुक वाटलं. दहा किलोची तर लाइन! तेव्हा मॅडमनी पेनने हातमोज्यावरच आकडे मांडले. अर्धा इंची ट्यूबचं बाहेरच्या व्यासाने क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. दहा किलो दाबाला ती जोडातून निसटायला बघते ती साडेबारा किलोच्या रेट्याने. पण तीच ट्यूब, तोच जोड आणि तीच सवय सिलिंडरच्या बाजूला १५० किलोच्या दाबावर गेली, तर रेटा १९० किलो. सिमेंटच्या जवळजवळ चार गोण्या, तुझ्या तोंडासमोर. त्यानंतर मी भरलेल्या लाइनीला पाना लावलेला नाही.

लाइन रिकामी करून तो एल्बो खोलला. आतून पांढरा टेफ्लॉन टेप लोंबत बाहेर आला. बॉडीच्या बाहेरच्या आट्यांवर, जिथे नट बसतो तिथे, मी टेप गुंडाळला होता. काका हसले नाहीत, मॅडम हसल्या. घरचा नळ बसवताना सफेदा-सुतळी लावतात, त्याच्या जागी आता टेप आला. आटा दिसला की टेप, हे हाताला इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरज वाटली नव्हती. पण या नटाचे आटे गॅस अडवतच नाहीत. ते फक्त ओढायचं काम करतात, अडवणारं फेरूल आत बसलंय. तिथे टेप लावला की नट फिरताना वेगळाच जड लागतो, तुकडा आत सरकू शकतो, आणि गळती बंद मात्र होत नाही. टेप लागतो तो बॉडीच्या दुसऱ्या टोकाच्या निमुळत्या आट्यांना, जे व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडरमध्ये बसतं. तिथेही पहिला आटा मोकळा सोडून, आटे फिरतात त्याच दिशेने, दोन वेढे. मी तिथे पाच वेढे मारले होते आणि बांधकामावरच्या प्लंबरसारखा खूश झालो होतो.

आणि टेप काढल्यावर खरं दुखणं दिसलं: नट पुरेसा फिरलेलाच नव्हता. टेपमुळे जड लागला, मला वाटलं बसला.

इथे मी थोडा थांबतो, कारण सगळं यातच आहे. या जोडाला 'घट्ट' हे माप चालत नाही. 'टॉर्क किती?', म्हणजे पान्याला पीळ किती जोराने द्यायचा, हा प्रश्न नवीन पोरं हमखास विचारतात. नेहमीच्या बसवणीसाठी बनवणारे टॉर्क देत नाहीत, फेरे देतात. ट्यूबचा कडकपणा, भिंतीची जाडी, आट्यांवरचं वंगण यांनी हाताला लागणारा जोर बदलतो. सरकायचं अंतर बदलत नाही. पाव इंच आणि त्यावरच्या नेहमीच्या मापांना बोटांनी घट्ट केल्यावर सव्वा फेरा. एक सूत, दीड सूत अशा बारीक मापांना पाऊण फेरा. आमच्या त्या फिटिंगच्या नटाला इंचाला २० आटे होते, म्हणजे एका फेऱ्याला १.२७ मिलिमीटर. सव्वा फेऱ्यात नट सरकतो तो साधारण १.६ मिलिमीटर. एवढ्याशा सरकण्यात दोन्ही फेरूल आपापल्या जागी बसतात. त्यात पाव फेरा कमी पडला, तर फेरूल अर्धवट चावतं. मनगटाची ताकद त्यात कुठेही मोजली जात नाही, आणि बोटीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हेच पचायला जड गेलं.

काकांनी पद्धत दाखवली. नट बोटांनी पूर्ण फिरवायचा. ट्यूब आत बॉडीच्या खांद्याला टेकली आहे ना, हे ढकलून बघायचं. मग नटावर मार्करने रेघ मारायची, घड्याळातल्या सहाच्या जागी. एका पान्याने बॉडी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. रेघ पूर्ण गोल फिरून सहावर आली की एक झाला, पुढे नऊवर नेली की सव्वा. माझ्या ६४ जोडांपैकी एकावरही रेघ नव्हती. मी मनात मोजत होतो, आणि मध्येच हेल्परशी जत्रेबद्दल बोलत होतो.

अडचणीच्या जागी घड्याळ दिसत नाही, पाना अर्धाही फिरत नाही. तिथे काका नटाच्या बाजू मोजतात. सहा बाजू म्हणजे एक फेरा, सव्वाला साडेसात. ते बाजू मोठ्याने मोजतात आणि मोजताना कुणी हाक मारली तर उत्तर देत नाहीत. साइटवर त्यांना यामुळे कुणी खडूस म्हणतं, ते मीही म्हणायचो.

दोन पाने का, हेही त्याच दिवशी डोक्यात शिरलं. एका जोडाला मी बॉडी न धरताच नट फिरवला होता. नटाबरोबर बॉडीही फिरली. वरून रेघ मारली असती तरी फसलो असतो, कारण नट बॉडीच्या तुलनेत किती फिरला हे महत्त्वाचं. शिवाय बॉडी फिरल्याने तिचं दुसरं टोक हेडरमध्ये जास्त आवळलं गेलं ते वेगळंच.

मग फट तपासायचं गेज आलं. छोटीशी पोलादी पट्टी, नट आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत घालून बघायची. आत गेली तर जोड अजून आवळायला हवा, आत जात नसेल तर पुरेसा आवळलाय. दुपारपर्यंत आम्ही सगळे ६४ तपासले. सात ठिकाणी पट्टी सर्रकन आत गेली. मात्र पट्टी कमी आवळलेलं पकडते, जास्त आवळलेलं पकडत नाही. एक सुताच्या दोन जोडांना मी उत्साहाने सव्वा फेरा दिला होता. तिथे पट्टी अर्थातच आत गेली नाही. खोलल्यावर दिसलं, ट्यूब फेरूलपाशी गळा आवळल्यासारखी आत दबली होती. त्या दोन कापून टाकल्या.

आता जे सांगायला नको वाटतं ते.

सात जोड दुरुस्त झाले, तरी लाइन दाब धरेना. द्रावणात एका युनियनपाशी, म्हणजे दोन ट्यूब सरळ जोडणाऱ्या जोडापाशी, बारीक फेस येत होता, पट्टी तिथे आत जात नव्हती. काका म्हणाले, खोल. मी खोलायला थोडा वेळ लावला, कारण मला माहीत होतं आत काय आहे. म्हणजे काय नाही आहे. आदल्या संध्याकाळी तो शेवटचा जोड होता, ग्रेटिंगवर उकिडवा बसून करत होतो. नट, मागचं फेरूल, पुढचं फेरूल ट्यूबवर चढवताना मागचं फेरूल घामाच्या बोटांतून सुटलं, ग्रेटिंगच्या जाळीतून खाली गेलं. स्टोअर बंद झालेलं. फेरीबोटीची वेळ झालेली. पुढचं आहे ना, गॅस अडवायचं काम तर त्याचंच, दहा किलोला काय होतंय, असा मी स्वतःला तोंडी परीक्षेचाच दाखला दिला. आणि नट हाताला घट्ट लागेपर्यंत फिरवला, किती फेरे ते देवाला माहीत.

काकांनी नट सरकवला, एकच फेरूल बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फेरी चुकली असती तर माझ्या खोलीवर झोपला असतास." बस्स. त्यांनी मॅडमना काय सांगितलं मला कळलं नाही. कामावरून मला काढलं नाही, एवढं खरं.

त्यानंतर त्यांनी एक सवय लावली. आता बाकीच्यांनाही मी लावतो. फेरूल सुटे हाताळायचेच नाहीत. नवा जोड डब्यातून येतो तो बोटांनी जुळवलेला असतो, दोन्ही फेरूल बरोबर क्रमाने आणि बरोबर तोंडाने आत बसलेले. तो तसाच ठेवून त्यात ट्यूब ढकलायची. उगाच खोलून बघायची खाज ज्याला त्याला असते. खोललं की एक पडतं, एक उलटं बसतं, किंवा दुसऱ्या कंपनीचं त्यात मिसळतं. आमच्या स्टोअरमध्ये दोन कंपन्यांचे सुटे फेरूल एकाच बरणीत होते. दिसायला भाऊ-भाऊ. पण प्रत्येकाचा उतार, लांबी, पोलादाची प्रक्रिया वेगळी, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बॉडीवर चढतो म्हणून तो जोड होत नाही. मॅडमनी ती बरणी जप्त केली.

त्याच स्टोअरचा दुसरा प्रताप इंच आणि मिलिमीटरचा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहा मिलिमीटरची ट्यूब पाव इंची जोडात बिनतक्रार जाते, नटही आवळला जातो, आणि ०.३५ मिलिमीटरची ढील फेरूलने भरून काढावी अशी आपण अपेक्षा करतो. १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७, हीच गत. उलट दहा मिलिमीटरची ट्यूब तीन सुताच्या, ९.५ च्या, जोडात जातच नाही. ती चूक निदान स्वतःच बोंब मारते. घातक ती जी आत जाते. एका कपाटात सहाची आणि पाव इंची ट्यूब शेजारी उभी होती, आणि डोळ्याने मला आजही फरक कळत नाही. तेव्हापासून व्हर्नियर खिशात.

गेजांची वेगळी गंमत. बाजारातून आणलेली दोन प्रेशर गेज अर्धा इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या, आट्यांची निघाली, आमच्या बॉडी एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या. अर्धा इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ आटे, त्यामुळे काही फेरे छान चढतं आणि मग अडतं. पण एकाचा आटा ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०. कितीही टेप लावा, पाझरणार. परत पाठवली.

ट्यूब कापण्याबद्दल मी समजत होतो की इथे तरी माझं काही चुकलं नसेल. कटरचं चाक घट्ट दाबून दोन-चार फेऱ्यांत ट्यूब तोडायची, हे मला फार कौशल्याचं वाटायचं. त्याने तोंड आत दबतं आणि आतल्या बाजूला बर, म्हणजे कापल्याची धारदार कड, राहतो. चाक थोडं थोडं दाबत न्यायचं असतं. हॅक्सॉ वापरायचा तर इंचाला ३२ दात्यांचं ब्लेड आणि सरळ कापण्यासाठी गाइड. मग आतून-बाहेरून बर काढायचा आणि हवा मारायची. मी बाहेरून कानस फिरवत होतो, आतून नाही. त्यातली एक कीस ट्रान्समीटरच्या मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यापर्यंत, पोचली आणि व्हॉल्व्हच्या सीटवर बसली. तो व्हॉल्व्ह बंद केला तरी गॅस आरपार जात होता, आणि दीड दिवस आम्ही त्याला दोष देत होतो.

हवा मारायला सांगतात त्याला आमच्याकडे आणखी एक कारण आहे: कुंभारीण माशी. रविवारी काम बंद होतं. सोमवारी एका उघड्या ट्यूबच्या तोंडात तिने मातीचं घर बांधून टाकलं होतं, नीट लिंपून. पाव इंची भोक तिला जणू मापाने केलेलं. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या लावा असं पुस्तकात असतं, ते का, ते कोकणात एका रविवारी कळतं.

आणि चरे. प्लांटच्या मागे जांभ्याचं उघडं कातळ होतं. सहा मीटरच्या ट्यूब आम्ही दोघे उचलायच्या ऐवजी मी एकटाच एक टोक धरून कातळावरून ओढत आणल्या. ट्यूबला लांबीच्या दिशेने बारीक चरे पडले, नखाला जाणवतील इतपत. फेरूल गोल चावतं. उभा चरा त्याच्या खालून बोगद्यासारखा निघून जातो. पाण्याला कदाचित चाललं असतं, नायट्रोजन मात्र त्या वाटेने शांतपणे निघून जात होता. तीन जोडांचं दुखणं हेच होतं, आणि तिथे आवळून काहीच उपयोग नव्हता. ट्यूबचं टोक कापून चांगल्या भागावर नवा जोड केला.

एक गोष्ट मात्र मला आधीपासून येत होती. दोन ठिकाणी बेंड थोडा चुकला होता, ट्यूब जोडासमोर बोटभर तिरकी येत होती. दुसऱ्या टीममधला एक जण ती हाताने ओढून जोडात घालत होता आणि नटाने सरळ करत होता. मी नको म्हणालो. बोटीत इंजिन आणि शाफ्टचं कपलिंग जुळवताना बाबा हेच ओरडायचे: बोल्टने ओढून जुळवू नको, इंजिन हलव. ओढून जुळवलेलं पहिल्या लाटेला बोलतं. इथे लाट नाही, पण पंपाची थरथर आहे. ट्यूब पुन्हा वाकवली, बेंडच्या पुढे सरळ भाग पुरेसा ठेवला, आणि ती आपली आपण खांद्याला जाऊन टेकली. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला चहा पाजला.

खोललेले जोड परत जोडताना मी पुन्हा एकदा माती खाणार होतो. नवं शिकलेलं अंगात आलं होतं, सगळीकडे सव्वा! पण एकदा चावलेल्या फेरूलला पुन्हा सव्वा द्यायचा नसतो. खोलण्याआधी नट आणि बॉडीवर मिळून एक रेघ मारायची, परत जोडताना नट त्याच रेघेपर्यंत आणायचा, तिथे पाना एकदम जड होतो, मग किंचित पुढे. फटीची पट्टीही तिथे वापरायची नाही, ती पहिल्या बसवणीसाठी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी लाइन पुन्हा भरली. दहा किलो, ३४ अंश, दोन्ही मी स्वतः लिहिलं. रात्री काकांच्या खोलीवर राहिलो. सकाळी सहाला २५ अंश आणि काटा ९.७ वर. मी मोबाइलवर हिशेब करून बघितला. तेवढाच यायला हवा होता. तरी मी हललो नाही तिथून. ऊन चढलं, पत्रे तापले, आणि दुपारी काटा कुणी हात न लावता परत दहावर आला. मॅडमनी सही केली.

पावसानंतर सप्टेंबरात त्याच प्लांटवर पुन्हा जायचं झालं. ट्यूबवर ठिकठिकाणी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग होते. उघड्या भागावरचे डाग गोड्या पाण्याने धुतल्यावर बरेचसे गेले. क्लॅम्पच्या खालचे गेले नाहीत. तिथे मीठ आणि ओल अडकून राहते, हवा पोचत नाही, आणि स्टेनलेसच्या अंगावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर फाटला की परत भरून येत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ती तग धरते. शेजारच्या जुन्या लाइनीवर कुणीतरी ३०४ चा तुकडा जोडला होता, त्याला क्लॅम्पखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. आमच्या लाइनीचे साध्या लोखंडी पट्टीचे दोन क्लॅम्प गंजून ट्यूबवर तांबडे ओघळ सोडत होते. ते बदलून घेतले, आणि बाकीचे सैल करून खालची जागा पुसून घ्यायची नोंद देखभालीच्या वहीत केली.

तो ग्रेटिंगवरचा युनियन मी मुद्दाम बघायला गेलो. पावसाने मार्करची रेघ पुसट केली होती, पण होती. नऊवर.

घरी आल्यावर बाबांना हे सगळं सांगत होतो. ते बोटीच्या इंजिनची डिझेल नळी जोडत होते. पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "मग हिला किती फेरे?"

मी नळी बघितली. टोकाला फेरूल नव्हतं, ट्यूबचंच तोंड फुगवून कोन केलेला होता.

"हिला नाही," मी म्हणालो. "ही तुझीच."

त्यांनी पाना परत घेतला.